कचेरीतील भांडण : स्वभावाचे किती, अन्यायाचे किती ?

नोकरी लागली की घरचे दिवस पालटतात, असे आपल्या समाजात सर्वजण मानतात आणि ते खरेच आहे. पूज्य बाबासाहेबांनी राज्यघटनेच्या मार्गाने दारे उघडून दिली, म्हणून वस्तीवरच्या आई-बापांची मुले-मुली आज तहसील कचेरीत, पंचायत समितीत, शाळेत, बँकेत, एस.टी.त आणि ओझरच्या विमान कारखान्यात काम करताना दिसतात. परंतु दारातून आत जाणे ही एक लढाई आणि आत तीस-पस्तीस वर्षे मान ताठ ठेवून काम करणे ही दुसरी लढाई. पहिल्या लढाईसाठी वर्ग आहेत, पुस्तके आहेत, मार्गदर्शन शिबिरे आहेत. दुसरीची शिकवणी कोणी देत नाही.

आम्ही कारकुनी करतो आणि समाजकार्याच्या निमित्ताने निफाड तालुक्यात हिंडतो. विहारात वंदना आटोपली की कोणी ना कोणी आम्हाला बाजूला घेऊन आपले गाऱ्हाणे सांगतो. ही गाऱ्हाणी ऐकून ऐकून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. एकजण म्हणतो, "साहेब माझ्यावरच ओरडतात. मी बौद्ध आहे ना, म्हणून." चौकशी केली तर कळते की हे साहेब सर्वांवरच ओरडतात, स्वतःच्या भावकीतल्यालाही सोडत नाहीत. दुसरा म्हणतो, "आमच्याकडे चहाचा माझा कप वेगळा ठेवतात, पण माणसे मनाने वाईट नाहीत. जुन्या वळणाची आहेत, स्वभाव म्हणायचा आणि सोडून द्यायचे." पहिल्याने स्वभावाला अन्याय समजले. दुसऱ्याने अन्यायाला स्वभाव समजले.

या दोन्ही चुका महागात पडतात. पहिला माणूस हळूहळू एकटा पडतो आणि उद्या खरोखर अन्याय झाला तर त्याच्या बाजूने उभे राहायला कोणी उरत नाही. दुसरा रोज थोडा थोडा अपमान गिळतो. तो अपमान कोठेतरी बाहेर पडतोच. रक्तदाबाच्या रूपाने, दारूच्या रूपाने, नाहीतर बायको-मुलांवरच्या रागाच्या रूपाने. म्हणून स्वभाव कोणता आणि अन्याय कोणता, हे वेगळे करता येणे ही चैनीची विद्या नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येक घराला तिची गरज आहे.

कोसंबीचे पाणी

कामाच्या ठिकाणी भांडण कसे पेटते, याचे फार बोलके उदाहरण आपल्या धम्मवाङ्मयात आहे. कोसंबी नगरीतील घोषिताराम विहारात दोन विद्वान भिक्खू राहत. एक विनयधर, म्हणजे नियमांचा जाणकार. दुसरा धम्मकथिक, म्हणजे लोकांना धम्म समजावून सांगणारा. दोघांचा शिष्यवर्ग मोठा. एके दिवशी धम्मकथिक शौचकूपातून बाहेर आला, तेव्हा भांड्यात थोडे वापराचे पाणी शिल्लक राहिले होते. मागून गेलेल्या विनयधराने ते पाहिले आणि हा नियमभंग आहे असे त्याला सांगितले. तो म्हणाला, "मला ठाऊक नव्हते. चूक असेल तर मी कबूल करतो." विनयधर म्हणाला, "मुद्दाम केले नसेल तर दोष नाही." प्रकरण येथेच मिटले होते.

पण विनयधराने नंतर आपल्या शिष्यांना सांगितले की, त्या गृहस्थाला स्वतःचा दोषही कळत नाही. शिष्यांनी ते समोरच्या शिष्यांना ऐकवले. त्यांनी आपल्या गुरूला सांगितले. गुरू म्हणाला, "आधी दोष नाही म्हणाला, आता दोष आहे म्हणतो, हा तर खोटारडा!" मग धम्मकथिकावर बहिष्काराची कारवाई झाली आणि सारा संघ दुभंगला.

तथागतांनी दोन्ही बाजूंना समजावले. कारवाई करणाऱ्यांना सांगितले की, केवळ आपल्याला दोष दिसतो म्हणून घाईने माणूस तोडू नका, फुटीचा परिणाम पाहा. दुसऱ्या बाजूला सांगितले की, संघ टिकावा म्हणून दोष मान्य करण्यात कमीपणा मानू नका. कोणी ऐकले नाही. तेव्हा तथागत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात एकटे राहायला गेले. पुढे कोसंबीच्या उपासक-उपासिकांनी या भिक्खूंना वंदन करणे व भिक्षा घालणे बंद केले, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. ते श्रावस्तीला तथागतांकडे गेले आणि समेट झाला.

वाचकहो, यात जात नव्हती, पगार नव्हता, बढती नव्हती. दोन स्वभाव होते. एकाला नियमाचे काटेकोर वेड, दुसऱ्याचे लक्ष माणसांकडे. आजच्या भाषेत एक लेखा शाखेतला आणि दुसरा लोकसंपर्कातला. भांडण पाण्याने लागले नाही. तोंडावर मिटलेली गोष्ट पाठीमागे उकरली गेली, तेथे ते लागले. आपल्या कचेऱ्यांतील निम्मी भांडणे अशीच चहाच्या टपरीवर जन्माला येतात.

माणसांच्या तऱ्हा

तथागतांना माणसांचे स्वभाव बारकाईने ठाऊक होते. अंगुत्तर निकायात रागाच्या तीन तऱ्हा सांगितल्या आहेत. एकाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, तो पुसला जात नाही. दुसऱ्याचा मातीवरच्या रेघेसारखा, वाऱ्या-पाण्याने जातो. तिसऱ्याचा पाण्यावरच्या रेघेसारखा, ओढता ओढता नाहीसा होतो. त्याच ग्रंथात चार सर्पांची उपमा आहे. एकाचे विष लवकर चढते पण जहाल नसते. दुसऱ्याचे जहाल असते पण लवकर चढत नाही. तिसऱ्याचे लवकर चढते आणि जहालही असते. चौथ्याचे दोन्ही नसते.

नोकरदाराने हे चार जण आपल्या कचेरीत शोधून पाहावेत. सकाळी फाईल आपटणारा आणि दुपारी "चला, चहा घेऊ" म्हणणारा साहेब पहिल्यातला. त्याचे मनाला लावून घेऊ नये. तो बोलत असताना उत्तर देऊ नये, तासाभराने द्यावे. कधीच आवाज न चढवणारा, पण सहा महिन्यांनी गोपनीय अहवालात शेरा मारणारा दुसऱ्यातला. त्याच्याशी गोडीने वागावे आणि प्रत्येक कामाची पोच घ्यावी. तिसऱ्याशी कामापुरते बोलावे, तेही शक्यतो कागदावर. चौथा लाभला तर त्याच्या भलेपणाचा फायदा उठवू नये. सर्वांची कामे अशाच माणसाच्या गळ्यात पडतात आणि एक दिवस तोही खचतो.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात स्वभावांचे सहा प्रकार मांडले : रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित. स्वभाव कसा ओळखावा, याची त्यांनी दिलेली खूण मोठी मजेदार आहे. झाडू मारताना पाहा, असे ते म्हणतात. रागचरित, म्हणजे आवडीनिवडीत रमणारा, झाडू नीट धरून सावकाश, एकसारखे झाडतो. द्वेषचरित झाडू आवळून धरतो, खरखर आवाज करीत घाईघाईने वाळू दोन्हीकडे उडवतो. मोहचरित झाडू सैल धरतो आणि कचरा इकडचा तिकडे करतो. आमच्या घरच्या मंडळींना हे वाचून दाखवले, तर त्यांनी लगेच घरातल्या प्रत्येकाचे नाव घेतले !

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या सहांच्या जोड्या आहेत. द्वेषचरिताची जोडी बुद्धिचरिताशी आहे. कारण द्वेष नसलेले दोष शोधतो आणि बुद्धी असलेले दोष शोधते. शोधण्याची खोड एकच. म्हणजे जो सहकारी तुमच्या प्रत्येक टिपणीत खोट काढतो, त्याच्याच हाती तपासणीचे काम दिले तर तो कचेरीचा आधार होऊ शकतो. रागचरिताची जोडी श्रद्धेशी. सर्वांना खूष ठेवू पाहणारा माणूस एकदा कामाला चिकटला की जीव ओतून करतो. मोहचरिताची जोडी वितर्काशी. याचे मन एका जागी ठरत नाही. त्याला एका वेळी एकच काम, मुदत सांगून द्यावे. प्रत्येक अवगुणाच्या पाठीमागे एक गुण उभा असतो. तो पाहता आला तर माणूस शत्रू वाटत नाही.

पाश्चात्त्यांनीही या विषयावर काम केले आहे. १९२८ साली विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणसांच्या वागण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. त्यावरून पुढे इतरांनी प्रश्नावल्या बनवल्या आणि त्या 'डिस्क' या नावाने कंपन्यांच्या प्रशिक्षणात वापरल्या जातात. हुकमत गाजवणारा, बोलून माणसे जिंकणारा, संथ व स्थिर चालणारा आणि नियमाला धरून राहणारा, असे ते चार प्रकार.

खिडकी आणि फाईल

स्वभाव ओळखला, पण भांडण मिटवायचे कसे ? मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ च्या सुमारास एक साधा प्रसंग सांगितला होता. ग्रंथालयातील एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, बाईंना ती बंद हवी होती. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. समोरच्याला हवी होती हवा. बाईंना नको होता अंगावर येणारा वारा. दोघांचेही काम झाले. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीत ज्याने कचेरीत बसून काम केले आहे, त्याला खिडकीचे भांडण काय असते ते सांगायला नको. समोरचा काय मागतो यापेक्षा त्याला ते कशासाठी हवे आहे, हे विचारावे, एवढाच त्यातला बोध.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका कचेरीत निवृत्त शिपाई वारले. त्यांच्या पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची फाईल दोन टेबलांच्या मध्ये तीन वेळा फिरली. एक कारकून झपाट्याने काम करणारा, कागद जसे येतील तसे लावून पुढे ढकलणारा. दुसरा संथ आणि काटेकोर. दर खेपेस एक त्रुटी काढी आणि फाईल परत पाठवी. दोघांत बोलणे बंद. पहिला म्हणे, हा मुद्दाम अडवतो. दुसरा म्हणे, हा मला मोजत नाही. ती माउली मात्र दर सोमवारी बाकावर येऊन बसे. शेवटी हेडक्लार्कने दोघांना समोरासमोर बसवले आणि एकच प्रश्न विचारला, "तुला काय मिळाले म्हणजे तुझे काम होईल ?" एकाला हवे होते की त्रुटी काढायच्या त्या एकाच वेळी सर्व काढाव्यात. दुसऱ्याला हवे होते की सेवापुस्तक वर आणि बाकी कागद क्रमाने लावलेले असावेत. पंधरा मिनिटांत तोडगा निघाला. दोघांचा स्वभाव होता तोच राहिला. फाईल पुढे गेली. दोघा कर्मचाऱ्यांच्या भांडणात उपाशी राहते ती बाहेर बाकावर बसलेली गरीब जनता आणि तिच्यात आपलीच माणसे जास्त असतात, हे आपण विसरू नये.

बोलायचे कसे, याचाही दंडक तथागतांनी घालून दिला आहे. दुसऱ्याला त्याची चूक दाखवायची असेल तर पाच गोष्टी पाहाव्यात : वेळ योग्य आहे का, गोष्ट खरी आहे का, शब्द सौम्य आहेत का, त्यातून हित होईल का आणि मनात मैत्री आहे का. साहेबांकडे तक्रार घेऊन जाण्यापूर्वी या पाच प्रश्नांवर बोट ठेवून पाहावे.

चार खाने म्हणजे चार वर्ण नव्हेत

येथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. 'हा असाच', 'तो तसाच' अशी चिठ्ठी माणसाच्या कपाळावर चिकटवणे आपल्याला परवडणारे नाही. आपण स्वतः हजारो वर्षे अशा चिठ्ठीखाली भरडलो गेलो. १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी गुणांवर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचाही समाचार घेतला आहे. माणसांना मोजक्या ठळक वर्गांत बसवणे ही मनुष्याविषयीची उथळ समजूत आहे, प्लेटोनेही हीच चूक केली आणि प्रत्येक व्यक्ती ही दुसरीहून वेगळी असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खुद्द बुद्धघोषांनीही झाडूच्या खुणा सांगितल्यावर, हे आचार्यांचे मत आहे, मूळ वचन नव्हे, म्हणून त्यावर पूर्ण विसंबू नये, असे बजावले आहे. तेव्हा स्वभावाचे प्रकार हे आजच्या प्रसंगापुरते ओळखीचे साधन समजावे. माणूस बदलतो, हाच तर धम्माचा पाया आहे.

आणि पहिली तपासणी स्वतःची करावी. निफाडकरांना ठाऊकच आहे की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. त्यांच्या १०१ व्या जयंतीला, १९४३ साली, बाबासाहेबांनी पुण्यात भाषण केले. ते 'रानडे, गांधी आणि जिना' या नावाने प्रसिद्ध आहे. रानड्यांच्या ठायी अहंकाराचा लवलेश नव्हता. उलट गांधी आणि जिना यांच्या अहंकारामुळे देशाचे राजकारण अडून बसले आहे, असे परखड मत त्यांनी मांडले. दोन मोठ्या माणसांच्या 'मी'मुळे देश अडतो, तर दोन टेबलांवरच्या 'मी'मुळे फाईल अडेल यात नवल काय ?

दुसरे पाणी

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. कोसंबीत पाण्यावरून भांडण झाले, तसे पाण्याचे एक भांडे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातही होते. १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतील भांड्यातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्याआधी १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत, कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या या माणसाच्या टेबलावर शिपाई लांबून कागद फेकत आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळत नव्हती.

या दोन भांड्यांतला फरक समजून घ्या. कोसंबीत वाद होता तो केलेल्या कृतीचा; चूक कबूल केली की तो संपणारा. सिडनहॅममध्ये वाद होता तो जन्माचा. तेथे कबूल करण्यासारखी चूकच नव्हती. ते स्वभावाचे भांडण नव्हतेच. अशा ठिकाणी समोरच्याचा स्वभाव समजून घ्या, जुळवून घ्या, असे सांगणे म्हणजे गुलामाला गुलामीची सवय लावणे होय.

मग फरक ओळखायचा कसा ? आम्ही आमच्या मंडळींना तीन प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला : हा माणूस सर्वांशी असाच वागतो, की फक्त आपल्याशी किंवा आपल्या माणसांशी ?

दुसरा : तो बोट ठेवतो ते कामावर, की जन्मावर, आडनावावर, राखीव जागेवर, जेवणाच्या डब्यावर ?

तिसरा : काम सुधारले की त्याचे बोलणे थांबते, की काम चोख केले तरी चालूच राहते ?

तिन्ही उत्तरे पहिल्या बाजूची आली तर तो स्वभाव. मैत्रीने आणि युक्तीने घ्यावे. दुसऱ्या बाजूची आली तर तो अन्याय. उत्तरे संमिश्र आली तर घाई करू नये. महिना-दोन महिने नोंद ठेवून पाहावे आणि एखाद्या समंजस वडीलधाऱ्या कर्मचाऱ्याचा सल्ला घ्यावा.

अन्याय असेल तर

अन्यायाला शिवीने उत्तर देऊ नये. शिवी दिली की तक्रारदाराचाच आरोपी होतो. वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि तेथे कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहावे. तोंडी आदेश असेल तर लेखी मागावा. अर्ज वरिष्ठांमार्फत रीतसर द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि आपल्या कर्मचारी संघटनेला कळवावे. लोकांच्या देखत जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ झाली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. मात्र हे शस्त्र खऱ्या प्रसंगासाठी राखावे. स्वभावाच्या भांडणात ते उपसले तर त्याची धार आपल्याच पुढच्या माणसासाठी बोथट होते.

आपल्या भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. कोणी लगट करतो, घाणेरडे बोलतो, तर 'त्याचा स्वभाव मोकळा आहे' हे कोणाचेही सांगणे ऐकू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. द्राक्षांच्या पॅकिंगला आणि कांद्याच्या निवडीला रोजंदारीवर जाणाऱ्या बायांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. लिहिता येत नसेल तर विहारातल्या शिकलेल्या मुलीने लिहून द्यावी.

घरच्या मंडळींना

कचेरीतले भांडण पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवावे, असे म्हणणे सोपे आहे. तसे होत नाही. म्हणून घरच्यांनी एवढे करावे : माणूस गप्प गप्प घरी आला तर लगेच प्रश्नांचा भडिमार करू नये. चहा द्यावा, जरा वेळ जाऊ द्यावा आणि मग "आज काय झाले ?" असे विचारावे. सांगू लागला की वरचे तीन प्रश्न घरातच विचारावेत. पुष्कळदा सांगता सांगताच त्याला उमगते की हा साहेबांचा पाण्यावरच्या रेघेसारखा राग होता. आणि कधी घरातल्या बाईलाच आधी उमगते की नवरा ज्याला 'स्वभाव' म्हणून सोडून देतो आहे, तो अपमान आहे. तेव्हा तिने स्पष्ट सांगावे. नोकरी घरासाठी असते, मान विकण्यासाठी नसते.

आमची विहार समित्यांना एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास नोकरदार बंधू-भगिनींच्या अडचणींसाठी ठेवावा. निवृत्त झालेले आपले हेडक्लार्क, शिक्षक, फोरमन यांनी समोर बसावे, नव्या मुलामुलींनी विचारावे. समोरचा माणूस लवकर विष चढणारा आहे की जहाल, ही खिडकीची गोष्ट आहे की पाण्याच्या भांड्याची, हे चारचौघांत बोलले तर कळते. जेथे स्वभाव आहे तेथे मैत्री आणि जेथे अन्याय आहे तेथे संघर्ष. दोन्ही आपल्याला बाबासाहेबांकडूनच मिळालेले आहेत. कोठे कोणते वापरायचे, एवढे आता आपणच शिकायचे आहे.

जय भीम !